देह हजर करा!

तुरुंगाचे दार एकदा लागले की आतील मनुष्याचा आवाज बाहेर पोहोचणे दुष्कर होते. तथापि इंग्लंडच्या प्राचीन कायद्याने बंदिवानाच्या हाती एक साधन ठेविले आहे. त्याचे लॅटिन नाव 'हेबियस कॉर्पस'. "या मनुष्याचा देह न्यायाधीशापुढे हजर करा आणि कोणत्या अधिकाराने त्यास डांबिले आहे ते सांगा," असा त्या हुकुमाचा आशय असतो. या साधनाचे मोल काय, हे अमेरिकेतील काही गरीब शेतकऱ्यांच्या कथेवरून उमगेल.

30 सप्टेंबर 1919 च्या रात्री आर्कान्सा राज्यातील एलेन गावानजीक एका लहानशा चर्चमध्ये कृष्णवर्णीय शेतकरी जमले होते. ते गोऱ्या जमीनदारांची जमीन वाट्याने कसीत. कापसास रास्त भाव मिळावा आणि मालकाने हिशेब दाखवावा, एवढेच त्यांचे मागणे. बाहेर गोळीबार झाला व एक गोरा ठार झाला. मग झुंडींनी व सैनिकांनी जो संहार मांडिला, त्यातील कृष्णवर्णीय मृतांची नीट मोजदादही झाली नाही. गोरे मेले पाच. त्यांच्या मृत्यूबद्दल मात्र बारा कृष्णवर्णीयांस फाशीची शिक्षा झाली.

फ्रँक मूर व त्याचे सोबती यांचा खटला सुमारे पाऊण तासात उरकला. पंचांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. साक्षीदारांस चाबकाने फोडून साक्षी वदविल्या होत्या. आरोपींच्या वकिलाने एकही साक्षीदार बोलाविला नाही. न्यायालयाबाहेर जमाव खवळलेला होता. पंचांनी पाच मिनिटांच्या आत निर्णय दिला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही मूरसह सहाजणांची फाशी कायम केली.

अमेरिकेत राज्यांची न्यायालये निराळी व संघराज्याची निराळी. गुलाम मातेच्या पोटी जन्मलेले वकील सिपिओ आफ्रिकानस जोन्स यांनी 1921 साली या सहाजणांकरिता संघीय न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 19 फेब्रुवारी 1923 रोजी न्यायमूर्ती होम्स यांनी सहा विरुद्ध दोन अशा बहुमताचा निकाल सांगितला. न्यायालयाने कैद्यांस निर्दोष ठरविले नाही. परंतु खटला जमावाच्या धाकाखाली केवळ देखाव्यापुरता चालला असेल, तर संघीय न्यायाधीशाने वस्तुस्थिती स्वतः तपासिलीच पाहिजे, असे बजाविले. त्याच वर्षी या सहाजणांची फाशी टळून बारा वर्षांची कैद ठरली, आणि जानेवारी 1925 मध्ये ते तुरुंगाबाहेर आले. उरलेल्या सहाजणांची सुटका 1923 सालीच झाली होती.

वाचकहो, न्यायाधीश होते, पंच होते, वकीलही होता. नव्हता तो न्याय. बाह्य विधी यथासांग झाला म्हणून सत्याची चाड राखिली गेली असे होत नाही, ही या निकालाची शिकवण.

आपल्या राज्यघटनेच्या 32 व 226 या कलमांनी हेच साधन आपणांसही दिले आहे. बेकायदेशीर अटकेविरुद्ध बंदिवानाच्या वतीने त्याचा आप्त अथवा मित्रही अर्ज करू शकतो. म्हणून गावातील एखाद्यास धरून नेले, तर "त्याने काहीतरी केलेच असेल," असे म्हणून दार लावून घेऊ नये. कोणत्या अधिकाराने नेले, हे विचारणारा एक तरी शेजारी उभा राहावा.