अणू तेच, पदार्थ वेगळे

कार्बनचे २ अणू, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १. ऑक्सिजन टोकाशी, एका हायड्रोजनला धरून बसला तर होतं इथेनॉल: मद्यातलं अल्कोहोल, ७८ अंश सेल्सियसला उकळणारं. तोच ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधोमध शिरला तर डायमिथाइल ईथर. ते उणे २४ अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्या खोलीत वायूच! एकही अणू वाढला नाही, घटला नाही. अशा पदार्थांना समघटक म्हणतात.

रसायनशास्त्राला हे सहज पचलं नाही. १८२०च्या दशकात व्होलर या जर्मन रसायनज्ञाने सिल्व्हर सायनेटचं पृथक्करण केलं आणि लीबिग या दुसऱ्या रसायनज्ञाने सिल्व्हर फुल्मिनेटचं. पहिलं शांत, दुसरं नुसत्या घर्षणाने फुटणारं. घटकांचं प्रमाण मात्र एकच. आधी लीबिगला वाटलं, व्होलरचंच चुकलं असणार. चूक कोणाचीच नव्हती.

मला सर्वांत थक्क करतं ते कार्व्होन. इथे तर कोण कोणाला जोडलंय हेही बदलत नाही. कार्व्होनच्या षटकोनी कड्यातल्या एका कार्बनला चार निरनिराळे गट चिकटलेले असतात. त्यांतल्या हायड्रोजनने आणि शेजारच्या छोट्या फाट्याने जागांची अदलाबदल केली, की रेणूचं आरशातलं प्रतिबिंब तयार होतं. डाव्या-उजव्या पायांतल्या चपलांसारखे हे दोघे: सगळं सारखं, पण एकावर एक ठेवून जुळत नाहीत. उत्कलनबिंदू तोच, घनता तीच. ध्रुवित प्रकाशाचं प्रतल मात्र एक डावीकडे फिरवतो, दुसरा उजवीकडे.

आणि वास? डावीकडे फिरवणाऱ्याचा पुदिन्याचा, उजवीकडे फिरवणाऱ्याचा बाळंतशेपांचा! नमुन्यात काही भेसळ राहून गेली असेल, म्हणून वास वेगळा येत असेल, अशी शंका बरीच वर्षं होती. १९७१मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने ती फिटली.

हा फरक नाकाला कळतो, कारण वास टिपणारी प्रथिनंसुद्धा एकाच वळणाची आहेत. सजीवांची प्रथिनं जवळपास पूर्णपणे डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यामुळे एक कार्व्होन ज्या खाचेत नीट बसतं, तिथे त्याचं प्रतिबिंब तसं बसत नाही. पण अशा प्रत्येक जोडीतला फरक आपल्याला ओळखता येतो असं नाही. कित्येक जोड्यांचे वास सारखेच वाटतात. कार्व्होनचे दोन्ही वास मात्र बहुतेकांनी हुंगून सांगावेत इतके निराळे आहेत.