स्केटचे पाते जागेवर आहे का?



ज्यांची नातवंडे बर्फावर स्केटिंग शिकतात त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझी नात मेतुलाच्या कॅनडा सेंटरमध्ये शिकायला जायची. तिचा डावा पाय सारखा आत कलंडायचा. शिकवणारे म्हणाले, घोट्यात जोर नाही, व्यायाम करा. तीन महिने व्यायाम झाला, फरक नाही. शेवटी म्हणाली, "सबा, माझा पायच वाईट आहे. मी जाणार नाही." ज्याचा जन्म वर्गात गेला, त्याला हे वाक्य चांगले ओळखीचे असते. मी म्हटले, पायाचे मग पाहू, आधी बूट आण.

फिगर स्केटचे पाते सुरीसारखे एकधारी नसते. ते साधारण ४ मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाला लांबीभर उथळ पन्हळ असते. त्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. पाते अंगाच्या भाराखाली नीट बसलेले नसेल, तर मूल सरळ उभे राहूच शकत नाही, सतत एकाच धारेवर जाते.

प्रथम धार पाहावी. बूट उलटा धरून दोन्ही धारांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवावी व गुण्या लावावा. (शाळेतला सुतारकामाचा तास असा साठ वर्षांनी उपयोगी पडला!) पट्टी तिरकी दिसली तर दोष धार लावणाऱ्याचा, पाते हलवू नये. मग सुतार फळी पाहतो तसे एक डोळा मिटून टाचेकडून पाहावे. पाते वाकलेले नसावे. टाचेच्या मध्यातून निघून ते अंगठा व त्याशेजारच्या बोटाच्या मधोमध रोखलेले असावे. बूट घोट्यापाशी मऊ पडला असेल किंवा नाडी सैल असेल, तरीही पाय कलतो, तेही पाहून घ्यावे.

आमच्या बुटाची धार ठीक होती, पण टाचेकडे पाते बाहेर सरकलेले होते.

आता खरी गंमत. पाय आत पडत असेल तर पाते आतल्याच बाजूला सरकवायचे. मला आधी हे उलटे वाटले. पण तिवई ज्या बाजूला कलते त्याच बाजूला आपण पाय रोवतो ना? तसेच हे. सरकवायचे तेही एखाद-दोन मिलिमीटर.

पात्याच्या बैठकीला काही भोके लांबट असतात, ती याचसाठी. नव्या बुटाला आधी तेवढ्याच भोकांत स्क्रू घालावेत, मुलाला काही दिवस बर्फावर फिरू द्यावे, आणि एका पायावर सरळ रेषेत घसरता आले की मगच गोल भोकांतले पक्के स्क्रू बसवावेत. आमच्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी सगळे स्क्रू पिळून मोकळा झाला होता. त्यामुळे जुनी भोके लाकडी खुंट्या व पाण्याने न सुटणारा गोंद घालून बुजवावी लागली. हे काम मी केले नाही, माहितगार कारागिराकडून करवून घेतले. हात आता थरथरतो.

दुसऱ्या आठवड्यात नात डाव्या पायावर मैदानाच्या निम्म्यापर्यंत सरळ गेली. मी कठड्याशी कोट घालून कुडकुडत उभा होतो. आता घरी आल्यावर ती पाते व स्क्रू स्वतः कोरडे पुसते, आणि मला हात लावू देत नाही.