मध्यस्थ कोणाच्या पदरचा?

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकविण्याची नोकरी पाहणाऱ्या परदेशी शिक्षकाची पहिली गाठ बहुधा शाळेशी न पडता, पदवीपत्र व पोलीस दाखला तपासून, मुलाखत घडवून आणून करारनाम्याचा मसुदा हाती ठेवणाऱ्या मध्यस्थाशी पडते. उमेदवाराकडून तो सहसा छदामही घेत नाही, कारण त्याचा मेहनताना ‘हागवॉन’ नामक खासगी शिकवणी-संस्था देते. म्हणूनच त्याचे सौजन्य कितीही अकृत्रिम भासले, तरी तो कोणाच्या पदरचा आहे, याचे विस्मरण होऊ देऊ नये. मुदतीचेच कलम पाहा: वर्षभर सेवा पुरी केल्यास तेथील कायद्यान्वये सुमारे एका महिन्याचे वेतन सेवासमाप्तीच्या उपदानादाखल एकरकमी मिळते, मुदत ११ महिन्यांची लिहिली, की तो हक्क बुडतो. अध्यापनाचा ‘ई-२’ व्हिसा सामान्यतः अमेरिका, ब्रिटन आदी ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तथापि २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे पात्र भारतीयांनाही तेथील शाळांत साहाय्यक शिक्षक होण्याची वाट खुली झाली आहे. तेव्हा आगाऊ रक्कम मागणाऱ्या अथवा पासपोर्ट स्वतःकडे ठेवू पाहणाऱ्या मध्यस्थास निःसंकोच नकार द्यावा, आणि करारनामा शब्दशः वाचल्याखेरीज त्यावर सही करू नये.