आसमानगडचे नवाब

मलकपेठेच्या टेकडीवर इंग्रजी किल्ल्याच्या धर्तीचे बुरूज असलेली एक दगडी वास्तू आहे. तिचे नाव आसमानगड. जवळच फ्रेंच सेनापती रेमाँ याची समाधी आहे. १७९८ साली वारलेल्या या परक्या माणसाला लोकांनी 'मूसा राम' करून टाकले आणि त्याच्या नावाने मूसारामबाग ही वस्ती आजही ओळखली जाते. रेमाँला असे घरचे नाव मिळाले. गड बांधणारे नवाब सर आसमानजाह मात्र जुन्या माणसांच्या बोलण्यातही आता क्वचितच येतात.

हे पायगा घराण्यातले. आपण मराठीत 'पागा' म्हणतो तो हाच शब्द. निजामाच्या खास फौजेच्या खर्चासाठी या घराण्याला जहागिरी दिलेल्या होत्या. आजोबा शम्स-उल-उमरा फख्रुद्दीनखान विद्येचे मोठे शौकीन. पाश्चात्य शास्त्रांवरचे ग्रंथ त्यांनी उर्दूत उतरवून घेतले आणि स्वतःच्या छापखान्यात छापले. नातू १८३९ साली जन्मला, राजघराण्याचा जावई झाला, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाला निजामाचा प्रतिनिधी म्हणून लंडनला गेला आणि त्याच वर्षी दिवाण झाला. १८९४ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिले.

ही दिवाणगिरी सुखाची नव्हती. एकीकडे तरुण धनी, दुसरीकडे कोठीतला रेसिडेंट. १८९१ साली सिमल्याच्या जेकबने निजामापुढे हिरा मांडला. सौदा फिसकटला, खटला कलकत्त्याच्या हायकोर्टात गेला आणि खुद्द निजामाला कमिशनपुढे साक्ष द्यावी लागली. दिवाणाने अशा वेळी कोणाचे तोंड राखावे?

परंतु मला या माणसाबद्दल जे वाटते ते एका लहान रकमेमुळे. १८८७ च्या सुमारास आसमानजाह अलीगढला गेले असता सर सय्यद अहमदांनी त्यांची कवी हालींशी गाठ घालून दिली. हाली तेव्हा दिल्लीच्या अँग्लो-अरेबिक शाळेत शिकवत. हैदराबाद सरकारकडून त्यांना दरमहा ७५ रुपयांचा वजीफा मंजूर झाला. १८९१ साली तो १०० रुपये झाला. हालींनी नोकरी सोडली आणि ते आपल्या गावी, पानिपतला, जाऊन लिहीत बसले. पानिपत म्हटले की आपल्या मनात निराळेच काही उभे राहते. पण त्याच गावी 'यादगार-ए-गालिब' आणि 'हयात-ए-जावेद' हे ग्रंथ सिद्ध झाले.

दरबारी गाण्याच्या घरात वाढलेल्या मला या ७५ रुपयांची किंमत ताबडतोब समजते. शिकवण्या करून घरी आलेल्या माणसाचा गळा रात्री तंबोऱ्याला लागत नाही. लागला तरी मन भाड्याचा हिशेब करीत असते. वाड्यावर एका रात्रीची मैफल करून शालजोडी देणारे अमीर पुष्कळ होते. महिन्याच्या महिन्याला पोचणारी, पुन्हा पुन्हा मुजरा करायला न लावणारी रक्कम ही निराळी गोष्ट.

आता दुसरी बाजू. तो पैसा नवाबांच्या खिशातला नव्हता, सरकारी तिजोरीतला होता. आणि तिजोरीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडच्या कुणब्याचा शेतसाराही पडत होता. याच दशकात कचेऱ्यांतून फारसी गेली आणि उर्दू आली. फारसीवर पोसलेल्या आपल्या दफ्तरी घराण्यांनी तीही शिकून घेतली. पण मराठी मुलांच्या शाळेसाठी कोणा अमिराने हात सैल केल्याचे मी ऐकलेले नाही. विवेकवर्धिनी १९०७ साली निघाली ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या खटपटीने. हालींचे ग्रंथ हाती घेताना मला आनंद होतो, आणि ही दुसरी गोष्टही आठवते. दोन्ही खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकावी असे मला वाटत नाही.

नवाब १८९८ साली वारले. त्यांचा बशीरबाग महाल पाडला गेला. त्या भागाला नाव तेवढे राहिले. आसमानगडात काही वर्षे पुराणवस्तूंचे संग्रहालय होते, पुढे तिथे शाळा भरू लागली. अलीगढच्या विद्यापीठात 'आसमान मंझिल' आहे. नवाब स्वतः आहेत ते संतोषनगराजवळच्या पायगा मकबऱ्यात, आजोबा-चुलत्यांच्या रांगेत. तिथल्या चुनेगच्चीच्या जाळ्या इतक्या नाजूक आहेत की दुपारी फरशीवर त्यांची सावली पाहत उभे राहावे. मलकपेठेहून तिथे जायला फार वेळ लागत नाही.