आसन एकाचे, गाणे दुसऱ्याचे
लेखमाला : चर्च आणि जमीन (लेखांक ६)

लंडनच्या वायव्येला डॉलिस हिल लेनवर महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, आणि तिथून जवळच नीस्डनचे स्वामिनारायण मंदिर. हा सगळा परिसर जुन्या विल्सडन गावाच्या शिवारातला. या शिवारातली बरीचशी जमीन कित्येक शतके सेंट पॉल्स कॅथेड्रलमधल्या आसनांना तोडून दिलेली होती. नीस्डन हे त्या कॅथेड्रलमधल्या एका आसनाचेही नाव आहे. शेजारच्या मेप्सबरीला नाव मिळाले ते बाराव्या शतकात तिथले उत्पन्न खाणाऱ्या वॉल्टर मॅप या लेखक-धर्मगुरूवरून.

मठांच्या जमिनींबद्दल आपण मागे वाचले. मठात सगळे सामाईक असे. सेंट पॉल्स, सॉल्सबरी, लिंकन, वेल्स, यॉर्क इथल्या कॅथेड्रलांत मात्र संन्यासी नव्हते. तिथल्या धर्मगुरूंची घरे वेगळी, चुली वेगळ्या आणि उत्पन्नही वेगळे. प्रत्येकाला प्रार्थनागृहात एक ठरलेले आसन आणि त्या आसनाला जोडलेली जमीन किंवा एखाद्या चर्चचे उत्पन्न. या वर्षासनाला म्हणत प्रेबेंड, आणि ते ज्याच्याकडे असे तो प्रेबेंडरी. सेंट पॉल्समध्ये अशी ३० आसने होती. बायबलमधली स्तोत्रे १५०. म्हणून प्रत्येक आसनाकडे पाच स्तोत्रे आली. प्रत्येकाने रोज आपली पाच म्हटली की कॅथेड्रलच्या नावे अख्खी स्तोत्रसंहिता रोज पूर्ण होई. कोणाची स्तोत्रे कोणती हे विसरू नये म्हणून त्यांचे पहिले शब्द आसनावरच लिहिलेले असत. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. जमीन कसणारा, खंड घेणारा आणि प्रार्थना म्हणणारा असे तिघे तिने एका दोरीत ओवले होते.

दोरी सैल झाली ती जमिनीच्या बाजूने. धर्मगुरू हजर असो वा नसो, पीक येते आणि खंड जमा होतो. राजाच्या हे लवकर ध्यानात आले. कारभार चालवायला लिहिता-वाचता येणारी माणसे हवीत, ती बहुतेक धर्मगुरूच, आणि त्यांना पगार द्यायचा तर खजिन्याला खार. मग कॅथेड्रलमधले रिकामे आसन दिले की काम भागले. विंचेस्टरचा बिशप होण्याआधी विल्यम ऑफ विकहॅम राजाचा कारभारी होता आणि वेगवेगळ्या कॅथेड्रलांतली अशी कितीतरी आसने एकट्याकडे बाळगून होता. तिकडे रोमहून पोपही आपल्या माणसांची नावे पाठवी. १२५३ साली चौथ्या इनोसंट पोपने आपल्या पुतण्यासाठी लिंकनमधले आसन मागितले. लिंकनचा वृद्ध बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने लेखी नकार दिला : पोपपदाचा मान राखायचा म्हणूनच ही आज्ञा मी पाळणार नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी तो वारला. शंभर वर्षांनी, १३५१ मध्ये, पोपच्या अशा नेमणुकांविरुद्ध इंग्लंडने कायदा केला. त्याने रोमची वाट अरुंद झाली, राजाची मात्र मोकळीच राहिली.

आसने अशी रिकामी असताना प्रार्थना कोण म्हणत होते? गैरहजर धनी आपल्या वतीने एक बदली गायक ठेवी. त्याला व्हिकर कोरल म्हणत. पहाटेच्या, दुपारच्या, रात्रीच्या सगळ्या उपासना त्याच्या गळ्यावर. नेमणूक पक्की होण्याआधी स्तोत्रे तोंडपाठ करावी लागत, कारण अंधारात पुस्तक उपयोगाचे नाही. या सगळ्याबद्दल धन्याकडून थोडीशी ठरीव रक्कम मिळे. इतिहासात विकहॅमचे चरित्र सापडते, या गायकांची बहुधा नुसती नावे सापडतात, तीही एखाद्या दंडाच्या नोंदीत. वेल्सच्या बिशपने १३४८ मध्ये त्यांची संस्था करून त्यांना राहायला जागा दिली. त्यांच्या छोट्या घरांची ती गल्ली आजही आहे. पंधराव्या शतकात त्यांच्या भोजनगृहापासून थेट कॅथेड्रलपर्यंत पूल बांधला गेला. या सबंध कथेत गाणाऱ्यांसाठी कोणी काही बांधले, असे इतके ठळक उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

जे धर्मगुरू खरोखर कॅथेड्रलपाशी राहत, त्यांना सामाईक कोठारातून रोजचा पाव आणि बिअर मिळे. सेंट पॉल्सच्या भट्टीत १२८६ साली सुमारे ६७,८०० गॅलन बिअर तयार झाली. वाटेकरी कमी तितका वाटा मोठा, हे उघड होते. मग रहिवासी होऊ पाहणाऱ्या नव्या धर्मगुरूवर मेजवान्यांचा एवढा खर्च लादला जाऊ लागला की बरेच जण त्या वाटेला गेलेच नाहीत.

जमिनीचेही तसेच. आसनाचा धनी हयातीपुरता. मग तो जमीन लांब मुदतीच्या पट्ट्याने देई, सालाना खंड नाममात्र ठेवी आणि पट्टा देताना भरघोस नजराणा घेई. आजची गरज भागे, पुढच्याच्या हाती नाममात्र खंड उरे. सेंट पॉल्समधल्या फिन्सबरी आसनाची जमीन लंडन शहराच्या महापालिकेने अशीच शतकानुशतके पट्ट्याने धरली आणि १८६७ मध्ये ती सुटली. टॉटनहॅम कोर्टची जमीन १७६८ मध्ये कायदा करून फिट्झरॉय घराण्याच्या मालकीची झाली. बदल्यात आसनाला वर्षाला ३०० पौंड, कायमचे. पुढे त्या शेतांवर लंडनचे रस्ते आणि चौक उभे राहिले, आकडा ३०० वरच राहिला.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर, लीड्ससारख्या शहरांत हजारोंच्या वस्त्या उठल्या. तिथे ना चर्च, ना धर्मगुरूला पोटापुरते. १८४० च्या कायद्याने अनिवासी आसनांचे उत्पन्न, विद्यमान धन्यांच्या पश्चात, एका आयोगाकडे वळवले आणि त्यातून गरीब वस्त्यांना मदत सुरू झाली. सर्वांत जोरकस विरोध केला तो सिडनी स्मिथने. तो सेंट पॉल्सचाच धर्मगुरू, आणि त्याचे आसन नीस्डनचे. त्याचे म्हणणे असे, की चर्चचे सारे उत्पन्न समान वाटले तर प्रत्येकाच्या हाती किरकोळ रक्कम येईल. थोडी मोठी बक्षिसे राखली, तर त्यांच्या आशेने हुशार माणसे या पेशात येतील. युक्तिवाद पोकळ नाही, माणसाचा स्वभाव त्यात बरोबर हेरला आहे. पण बक्षीस मिळणाऱ्यांच्या यादीत गाणारा बदली कुठेच नव्हता, आणि म्हणून मला तो पटत नाही.

सेंट पॉल्समध्ये आसने अजून आहेत आणि प्रेबेंडरीही नेमले जातात. तो आता निव्वळ मान आहे, उत्पन्न नाही. व्हिकर कोरलही आहेत : बारा प्रौढ गायक, पेशाने संगीतकार, आणि गाण्याचा पगार थेट त्यांनाच मिळतो.