मुखवट्यामागचे मांजर

लहानपणी भावंडांबरोबर तुम्ही सोंगे घेऊन खेळला असालच. आईची साडी गुंडाळून ताई ‘बाई’ होते, बाबांचा सदरा घोट्यापर्यंत घालून दादा ‘डॉक्टर’ होतो, आणि धाकट्याच्या वाट्याला नेहमी रोगीच येतो! डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तर सागाच्या रुंद पानाची टोपी होऊ शकते. खरा तारपा करायला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान लागते. पण खेळात पपईच्या पानाचा पोकळ देठही चालतो. तो देठच आहे हे वाजवणाऱ्याला पक्के ठाऊक असते, तरीही तो ‘तारपा’ असतो. एकाच वेळी या दोन्ही गोष्टी मनात बाळगणे वाटते तितके सोपे नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ऱ्हीटा डीव्हरीस यांनी १९६९ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचे एक गरीब मांजर त्यांनी ३ ते ६ वर्षांच्या मुलांना दाखवले. मग त्याचे तोंड पडद्याआड नेऊन त्यावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडचा भाग मुलांना सतत दिसत होता. तरी ३ वर्षांच्या बऱ्याच मुलांना मांजराचा खरोखरच कुत्रा झाला असे वाटले! ६ वर्षांची मुले मात्र फसली नाहीत. रूप बदलले तरी वस्तू तीच राहते, ही समज वयाबरोबर येते. सोंग पाहून धाकटे भावंड रडू लागले तर त्याला भित्रे का म्हणू नये, हे आता तुमच्या लक्षात येईल.

सोंगाच्या खेळाला नियमही असतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मधील एका व्याख्यानात ५ आणि ७ वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींचे उदाहरण दिले. त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळत होत्या! एरवी बहीण कशी वागते याचा त्या विचारही करत नसत. खेळात मात्र सारखे कपडे घालून, हातात हात धरून त्या ‘बहिणीसारखे’ वागू लागल्या. रोज नकळत घडणारी गोष्ट खेळामुळे विचारात आली.

मग अशा खेळाने बुद्धी वाढते काय? १९९४ मधील एका अभ्यासात, ज्यांना भावंडे आहेत अशा ३-४ वर्षांच्या मुलांना दुसऱ्याच्या मनातील चुकीची समजूत ओळखणे अधिक चांगले जमले. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. २०१३ साली अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास तपासले, तेव्हा सोंगाच्या खेळामुळेच विकास होतो असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून खेळ व्यर्थ ठरत नाही. आपण घाईने निष्कर्ष काढू नये, एवढेच.

डहाणू तालुक्यात खेळाचे मोल फार पूर्वीच ओळखले गेले. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. खडे, शिंपले, बिया, पाने हीच तिथली साधने. धाकट्यांना सांभाळायचे म्हणून मोठ्या मुलांची शाळा बुडे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ तिथे उभी राहिली. धाकट्याला पाठीशी घेऊन ताईला शाळेत येता आले.

आता एक प्रयोग करा. कागदाचा मुखवटा तयार करा आणि लहान भावंडांच्या समोरच तो चेहऱ्यावर चढवा. “आता मी कोण?” आणि “मुखवटा काढल्यावर मी कोण?” असे दोन प्रश्न विचारा. प्रत्येकाचे वय आणि उत्तर वहीत लिहा. कोणी घाबरले तर मुखवटा लगेच काढा. वर्षभराने त्याच मुलांना तेच प्रश्न पुन्हा विचारा. मुखवटा तोच असेल. उत्तरे बदलली का, ते पाहा.