बिनकुलपाचं गाव आणि वायफायचा पासवर्ड

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर बिनकुलपाच्या घरांसाठी प्रसिद्ध. २०११ साली युको बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. वायफाय मात्र कुठल्याच गावात उघडं ठेवू नये.

पासवर्ड विसरला, तर आधी राउटर उलटा करून पाहावा. स्टिकरवर बहुधा मूळ पासवर्ड छापलेला असतो. तो बदलला असेल, तर घरातला आधीच जोडलेला फोन कामी येतो. प्रत्येक जोडणीला पासवर्ड लागतो, म्हणून फोन तो जपून ठेवतो. अँड्रॉइड १० पासून वायफाय सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो; अनेक फोनांत त्याखालीच पासवर्ड दिसतो. आयफोनवर जपलेला पासवर्ड पाहण्याची सोय आयओएस १६ पासून आहे.

रीसेट हा शेवटचा उपाय. फायबरच्या राउटरमधली जोडणीची माहितीही त्याने पुसली जाऊ शकते. बटणाला पिन टोचण्याआधी इंटरनेटवाल्याला फोन कराच.